हॉट प्रेसमधल्या वह्या

आयर्लंडमधील बहुतेक घरांत वरच्या मजल्यावर, जिना संपतो तेथे, एक अरुंद कपाट असते. त्यात गरम पाण्याची तांब्याची टाकी उभी केलेली असते आणि टाकीच्या वर लाकडी पट्ट्यांच्या फळ्या बसविलेल्या असतात. टॉवेल, चादरी, मुलांचे पायमोजे त्या फळ्यांवर ठेवले की इथल्या दमट हवेतही कोरडे आणि कोमट राहतात. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात. म्हणून हे हॉट प्रेस. लिक्सलिपच्या आमच्या घरातील हॉट प्रेसमध्ये, चादरींच्या खाली, माझ्या वडिलांच्या ग्रंथाच्या दोन हस्तलिखित वह्या सहा वर्षे पडून होत्या. त्यांतले शेवटचे एक वर्ष तर वडील अशा समजुतीत होते की वह्या छापखान्यात आहेत. ती समजूत मी करून दिली नव्हती. पण ती मोडलीही नाही, आणि लिहायचे आहे ते त्याविषयी.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. कराडच्या एका महाविद्यालयात त्यांनी बत्तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकविले. त्यांचे सगळे आयुष्य एका माणसाच्या संगतीत गेले आणि तो माणूस अठराव्या शतकात इटलीत होऊन गेला होता. तो होता पाद्री. दीक्षा घेतलेला, प्रार्थना सांगणारा. पण त्याचे मन रमे ते गोगलगायींत, बेडकांत, पाण्यातल्या सूक्ष्म जीवांत. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून बाद झालेले एक जुने इंग्रजी पुस्तक तरुणपणी अण्णांच्या हाती लागले, आणि तेव्हापासून हा पाद्री आमच्या घरात नातेवाइकासारखा वावरू लागला. अण्णा त्याला ‘पाद्रीबुवा’ म्हणत. आई म्हणे ‘तुमचे भटजी’.

पाद्रीबुवांच्या काळी पुष्कळ विद्वानांना वाटे की सडक्या रसात जीव आपोआप उपजतात. दुसऱ्या एका पाद्र्याने तर मांसाचा रस उकळून, बुचे लावून, त्यात पुन्हा जीव दिसल्याचे जाहीर केले होते. आमच्या पाद्रीबुवांना ते पटेना. त्यांनी रस तासभर उकळला, आणि बुचाचा भरवसा न धरता काचेच्या कुपीचे तोंडच ज्योतीवर वितळवून बंद केले. त्या कुपीत काही उपजले नाही. तोंड फोडले, हवा आत गेली, आणि मग मात्र रस जिवंत झाला. अण्णा हे वर्गात सांगत तेव्हा पुढे हटकून म्हणत, “आपणही हसू नये. ऊ घामातून जन्मते असे आपल्याकडेही मानीत. ‘स्वेदज’ हा शब्द अजून कोशात आहे.”

मी दहा वर्षांचा असताना त्यांनी हा प्रयोग घरी आणला. मटकीचे पाणी दोन नळ्यांत भरून उकळले होते. एक नळी उघडी ठेवली होती, दुसरीचे तोंड प्रयोगशाळेत वितळवून बंद केले होते. दोन्ही नळ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या राहिल्या. आठवड्याने उघड्या नळीतला एक थेंब त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखविला. आत यात्रा भरली होती. बंद नळीतले पाणी मात्र पुढे कित्येक महिने तसेच नितळ होते. शाळेतून आलो की मी आधी त्या खिडकीकडे पाहत असे. त्या वयात मला अण्णांइतका मोठा माणूस जगात दुसरा कोणी ठाऊक नव्हता.

आईला मात्र या सगळ्याचे कौतुक बेताचेच. ती कोल्हापूरकडची, स्वतःविषयी बोलतानाही ‘मी जातो, मी येतो’ असेच म्हणणारी. पाद्रीबुवांनी पचनाचा शोध घेण्यासाठी कापडाच्या इवल्याशा पिशव्यांत पावाचे तुकडे भरून त्या स्वतः गिळल्या होत्या. पिशव्या शाबूत बाहेर आल्या, आतला पाव विरघळून गेला होता. एका दुपारी अण्णा आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेऊन बसलेले तिला दिसले.

“अहो, काय शिवताय?”

“पिशवी.”

“घेवड्याच्या दाण्याएवढी? मुंगीला बाजारला पाठवायचंय व्हय?”

“भाकरी भरून गिळणार आहे.”

आई क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली. मग शांतपणे म्हणाली, “गिळा की. मी जातो कोल्हापूरला. पिशवी बाहेर आली की पत्र टाका.”

पिशवी गिळली गेली नाही. बेडकांच्या बाबतीतही हेच. नराच्या स्पर्शाखेरीज बेडकीची अंडी वाढतात का, हे पाहण्यासाठी पाद्रीबुवांनी बेडकांना मेण लावलेल्या रेशमाच्या चड्ड्या शिवून घातल्या होत्या. हे आईला कळले त्या दिवसापासून अण्णांची सुटका नव्हती. “तुमच्या भटजीनं बेडकांना चड्ड्या शिवल्या, आणि तुमच्यानं माझ्या परकराला नाडी आणवंना.” अण्णा हसत. ते दोघे हसत असताना मी अभ्यासाचे पुस्तक उगाच उघडे धरून बसत असे.

निवृत्त झाल्यावर अण्णांनी पाद्रीबुवांवर मराठीत ग्रंथ लिहायला घेतला. त्याला नऊ वर्षे लागली.

मी येथे येऊन आता वीस वर्षे होतील. लिक्सलिपच्या संगणकाच्या चिप बनविणाऱ्या कारखान्यात मी काम करतो. सहा वर्षांपूर्वी आई-अण्णा आमच्याकडे उन्हाळ्यात राहायला आले, तेव्हा अण्णांनी पहिल्याच दिवशी विचारले, “तू तिथे नक्की करतोस काय?” मी त्यांना सांगितले की आम्ही डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवून आत जातो, आतली हवा सतत गाळलेली असते, धुळीचा एक कण आत आला तरी माल फुकट जातो. अण्णांचा चेहरा उजळला. “म्हणजे पाद्रीबुवांच्या कुपीत बसायला पगार मिळतो तुला!”

आई कांदा चिरत होती. “माझ्या लेकराला शिकवून सवरून शेवटी बाटलीत घातलं म्हणा की.”

परत जायच्या दोन दिवस आधी अण्णांनी हातपिशवीतून त्या दोन वह्या काढल्या. जाड पुठ्ठ्याच्या, काळ्या शाईच्या, एकाही ओळीत खाडाखोड नसलेल्या.

“टंकलिखित प्रत हवी,” ते म्हणाले. “आमच्याकडचा टंकलेखक ऱ्हस्व-दीर्घाचे मुडदे पाडतो. तू करशील?”

“करतो, अण्णा.”

“घाई नाही.”

‘घाई नाही’ हे त्यांनी माझी अडचण जाणून म्हटले होते. मी ते दोन शब्द पुढे वर्षानुवर्षे पांघरून बसलो.

वह्या हॉट प्रेसमध्ये ठेवल्या त्या काळजीपोटी, हे मात्र खरे आहे. पहिल्याच हिवाळ्यात पुस्तकांच्या कपाटामागची भिंत बुरशीने काळी झाली होती. पत्नी म्हणाली, “घरात कोरडी जागा एकच आहे,” आणि वह्या चादरींखाली गेल्या. आई-अण्णांनी ते कपाट पाहिले होते, वापरलेही होते. पण आईने त्याचे नाव ‘गरम कपाट’ ठेवले आणि आम्हीही त्यांच्यापुढे तेच म्हणत राहिलो. हॉट प्रेस हा शब्द त्यांच्या कानांवर कधी पडलाच नाही.

पहिल्या महिन्यात मी अकरा पाने टंकित केली. मग थांबलो. पाळ्या होत्या, मुलीचे कॅमोगीचे, म्हणजे इथल्या मुलींच्या हॉकीसारख्या खेळाचे, सामने होते, हिवाळ्याचे लहान दिवस होते. ही कारणे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली की ती मला पाठ झाली. खरे कारण त्यांच्या खाली होते, आणि ते लिहायला मला अजून जड जाते: मला तो ग्रंथ किरकोळ वाटला होता. निवृत्त प्राध्यापकाचा छंद, कोण वाचणार? ज्या माणसाच्या हातून मी पहिल्यांदा जिवंत थेंब पाहिला, त्याच्या नऊ वर्षांच्या कामाविषयी मी बाराव्या पानापुढे न वाचताच हे ठरवून टाकले होते.

तिसऱ्या वर्षी आई गेली. मी कराडला पंधरा दिवस राहिलो. तेवढ्या दिवसांत अण्णांनी वह्यांचा विषय एकदाही काढला नाही, आणि त्याने मला हायसे वाटले होते.

मग पाचव्या वर्षातला एक रविवार. रविवारी सकाळी दहाला आम्ही कराडला फोन लावतो. तेथे दुपार असते, अण्णांची वामकुक्षी झालेली असते. मी कणीक मळत होतो म्हणून फोन मुलीने घेतला. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. मराठी तिला सगळे कळते. उत्तर मात्र ती इंग्रजीतच देते, तेही पक्क्या आयरिश वळणाने.

“काय गं, माझ्या वह्या आहेत ना नीट?” अण्णांचा आवाज स्पीकरवर आला. “कुठे आहेत?”

“दे आर इन द हॉट प्रेस, आजोबा. दे आर ग्रँड.”



“प्रेसमध्ये? कधीपासून?”

“ओ, फॉर एजेस.”

“अरे, ऐकलंस का!” अण्णा मला हाक मारत होते, आणि त्यांचा असा आवाज मी आई गेल्यापासून ऐकला नव्हता. “प्रेसमध्ये आहे म्हणते! हॉट प्रेस! तिकडे अजून गरम शिशाचे खिळे पाडतात? मला वाटलं सगळं ऑफसेट झालं असेल. आणि काम ग्रँड चाललंय म्हणते पोरगी!”

येथे कोणाला ‘ग्रँड’ म्हटले की त्याचा अर्थ ‘ठीक आहे’ एवढाच होतो. अण्णांनी तो शब्द ‘भव्य’ या अर्थाने घेतला. आणि प्रेस म्हणजे तर त्यांच्यासाठी एकच गोष्ट. महाविद्यालयाचा वार्षिकांक वीस वर्षे त्यांनी काढला होता. खिळे जुळविणाऱ्यांशेजारी उभे राहून ओल्या प्रुफांवर खुणा केल्या होत्या. त्या शाईच्या वासातच त्यांची उमेदीची वर्षे गेली होती.

मुलीने माझ्याकडे पाहिले. खुलासा करायला तिने तोंड उघडलेही होते. मी कणकेचा हात वर करून मान हलविली. ती गप्प राहिली.

“हो, अण्णा,” मी म्हणालो. “वेळ लागतो या कामाला.”

“लागणारच. प्रुफं मात्र मलाच पाठव हां. माझ्याखेरीज दुसऱ्या कुणी वाचायची नाहीत.”

“बरं.”

फोन ठेवल्यावर मुलगी म्हणाली, “बाबा, ही थिंक्स इट्स बीइंग प्रिंटेड, लाइक.”

“सांगेन मी त्यांना.”

“व्हेन?”

“पुढच्या रविवारी.”

पुढच्या रविवारपर्यंत अण्णांनी प्रीतिसंगमावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना पेढे वाटले होते. “एक जण मला म्हणाला, सर, बेडकांच्या चड्ड्या शेवटी आयर्लंडात शिवून मिळाल्या म्हणायच्या!” हे सांगताना ते स्वतःच इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या हसण्यावर ‘वह्या कपाटात आहेत’ हे वाक्य ठेवणे मला जमले नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तर ते आणखी अवघड झाले.

मग शुद्धिपत्रे येऊ लागली. अण्णा कागदावर लिहीत, त्याचा फोटो काढून मला पाठवीत. ‘पृष्ठ ४७, ओळ ६. येथे “स्वयमेव” करावे असे मनात होते. विचारांती नको. “आपोआप”च राहू द्यावे.’ एकदा अर्पणपत्रिका आली: ‘जिने मला पिशवी गिळू दिली नाही, तिला.’ मी ती कारखान्याच्या वाहनतळावर, गाडीत बसून वाचली, आणि पांढरा पोशाख चढवायला त्या दिवशी पंधरा मिनिटे उशिरा गेलो. पण वह्या काढल्या नाहीत. आता तर त्या काढणे म्हणजे स्वतःचे खोटे बाहेर काढणे होते.

महिने गेले तसे शुद्धिपत्रांतले अक्षर मोठे होत गेले. ओळी तिरप्या चढू लागल्या, एकमेकींवर बसू लागल्या. मला फोनवर वाचायला सोपे जावे म्हणून अण्णा मोठे लिहितात, अशी मी समजूत करून घेतली.

दर रविवारी ते विचारीत, “प्रुफं आली का रे?”

“येतील, अण्णा.”

असे जवळजवळ वर्ष गेले. मग एका शनिवारी कराडहून डॉक्टरांचा फोन आला. ते अण्णांचे जुने विद्यार्थी. आता तेथेच डोळ्यांचा दवाखाना चालवितात.

“सरांनी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही,” ते म्हणाले. “दृष्टिपटलाचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. इंजेक्शनं चालू आहेत, वेग थोडा कमी होईल, एवढंच. सर दर वेळी एकच विचारतात, प्रुफं वाचेपर्यंत टिकतील ना डोळे? म्हणून तुम्हाला विचारतो. पुस्तक कधी येतंय?”

आणि मी त्यांनाही म्हणालो, “लवकरच.”

त्याच सकाळी मी चादरी बाजूला करून वह्या काढल्या. त्या कोमट लागल्या. लिक्सलिपच्या वाचनालयात खिडकीजवळची एक जागा धरून मी टंकलेखनाला बसलो. शनिवारी दिवसभर, इतर दिवशी पाळीच्या आधीचे दोन तास. आणि पहिल्यांदाच, सहा वर्षांनी, तो ग्रंथ वाचू लागलो.

तो किरकोळ नव्हता. अण्णांनी पाद्रीबुवांची आरती केली नव्हती. एखाद्या सहकाऱ्याबरोबर काम करावे तसे ते त्याच्याबरोबर चालले होते, आणि जेथे तो घसरला तेथे थांबून पाहत होते. बेडकांच्या प्रकरणाचा शेवट मी तीनदा वाचला. अंड्याला नराच्या द्रवाचा स्पर्श लागतो, हे पाद्रीबुवांनी स्वतःच्या हातांनी सिद्ध केले. द्रव कागदातून गाळला तर गाळलेला भाग निकामी होतो आणि कागदावर उरलेला गाळ कामाचा राहतो, हेही त्यांनीच पाहिले. तरी त्या गाळात वळवळणाऱ्या जीवांना ते उपरेच मानीत राहिले, कारण प्राणी अंड्यात आधीपासून घडवून ठेवलेला असतो, हे त्यांचे मत ठरून गेलेले होते. त्याखाली अण्णांनी लिहिले होते: ‘पुरावा त्याच्या बोटांना लागला होता. मत आड आले. याबद्दल त्याला दोष देण्याचा अधिकार ज्याला असेल त्याने तो द्यावा. मला तो नाही.’

माझ्या बोटांना तर तो पुरावा टॉवेल काढताना रोज लागत होता.

साठ पाने झाली तेव्हा मला एक युक्ती सुचली, आणि तीही सांगितली पाहिजे. पाने मोठ्या ठशात छापावीत, कडेला प्रुफासारखा समास सोडावा, कोपऱ्यांत कापण्याच्या खुणा घालाव्यात आणि अण्णांना पाठवावीत. छापखान्याला उशीर झाला, एवढेच सांगावे. ते कडेच्या नजरेने, भिंगातून, जमेल तेवढे वाचतील; सुखी होतील; काही कळायचे नाही. मी तशी पाने खरोखर छापली. ती जेवणाच्या टेबलावर जुळवीत असताना मुलगी सरावावरून आली. चिखलाचे बूट हातात धरून तिने पानांकडे पाहिले, कोपऱ्यांतल्या खुणांकडे पाहिले.

“सो नाऊ यू आर फेकिंग द प्रेस ॲज वेल?”

 ती वर गेली. आंघोळीसाठी टॉवेल काढताना तिने त्या कपाटाचे दार आपटले, ते खाली ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. “प्रुफं आली का?” असे अण्णांनी विचारण्याआधीच मी म्हणालो, “अण्णा, वह्या छापखान्यात नाहीत.”

“मग कुठे आहेत?”

“घरातच. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात. हॉट प्रेस म्हणजे टॉवेलांचं कपाट. आईचं ते गरम कपाट.”

त्यांच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता.

“सहा वर्षं?”

“हो.”

“टॉवेलांखाली?”

“चादरींखाली.”

“आणि पोरगी गेल्या वर्षी म्हणाली तेव्हा तुला माहीत होतं, मी काय समजलो ते?”

“हो, अण्णा. त्याच क्षणी.”

“पोरीला?”

“तिलाही. ती सांगणार होती. मीच तिला गप्प केलं.”

“ते वाईट केलंस,” अण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता. “माझं एक वेळ ठीक आहे. पण तिला कशाला ओढलंस त्यात?”

मी डोळ्यांविषयी बोलायला लागलो, डॉक्टरांचे नाव काढले. तोवर फोन बंद झाला होता.

पुढचे दोन रविवार त्यांनी फोन उचलला नाही. मी टंकलेखन चालू ठेवले, कारण दुसरे काही करण्याजोगे नव्हते. तिसऱ्या आठवड्यात, मधल्याच एका दिवशी, मी पाळीवर निघण्याच्या बेतात असताना त्यांचाच फोन आला.

“प्रीतिसंगमावर जाऊन सांगून आलो,” ते कोणतीही प्रस्तावना न करता म्हणाले. “पुस्तक टॉवेलांत आहे म्हटलं. सगळे हसले. पेढे परत मागत होते. हसू देत. आता ऐक. प्रुफं माझ्याच्यानं वाचवणार नाहीत. मधोमध काळा डाग आलाय. ज्या अक्षराकडे बघावं तेच पुसलं जातं. तेव्हा तू वाचायचं, मी ऐकायचं. विरामचिन्हांसकट.”

“अण्णा, मी...”

“क्षमा वगैरे रविवारी नको. रविवारी पानं.”

मुलगी शेजारीच उभी होती. ती पुढे वाकून म्हणाली, “आजोबा, आय ॲम सॉरी.”

“तू नाही गं,” अण्णा म्हणाले. “तू खरंच बोलली होतीस. मला इंग्रजी आलं नाही.”

तेव्हापासून आमचे रविवार असे चालले आहेत. मी टंकित पाने समोर घेऊन वाचतो: स्वल्पविराम, अवतरणचिन्ह सुरू, अवतरणचिन्ह बंद. मुलगी फोन धरून बसते आणि मध्येच इंग्रजीत शंका विचारते. अण्णा मराठीत उत्तर देतात. दोघांनाही दुसरी भाषा बोलण्याची गरज वाटत नाही. चुका ते ऐकून पकडतात.

“थांब. ‘किती’तला ‘कि’ दीर्घ टंकलायस.”

मी पाहतो. दीर्घच असतो. “हे ऐकून कसं कळतं तुम्हाला?”

“तुझ्या आवाजात कळतं. जिथे तुला खात्री नसते तिथून तू घाईघाईने पळतोस. लहानपणी पाढे म्हणताना पळायचास तसा.”

गेल्या महिन्यात वटवाघळांचे प्रकरण आले. पाद्रीबुवांनी पाहिले की डोळे गेलेली वटवाघळेही खोलीत ताणलेल्या दोऱ्यांना न शिवता उडतात. कान बंद केले की मात्र ती भिंतींवर आदळतात. हे कसे घडते ते पाद्रीबुवांना सांगता आले नाही. लोक हसले, वटवाघळे कानांनी पाहत असतील तर डोळ्यांनी ऐकत असतील काय, अशी त्यांची थट्टा झाली. अण्णांनी तेथे ना टीका केली आहे ना बचाव; फक्त प्रयोगांचा क्रम दिला आहे. त्याच्या शेवटच्या ओळीशी मी थांबलो. मला वाटले, अण्णा काही म्हणतील. ते म्हणाले, “पूर्णविराम राहिला.”

मी पूर्णविराम वाचला.

काल सुरुवातीलाच त्यांनी विचारले, “किती राहिलंय?”

‘होत आलं’ हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. इतक्या वर्षांत ते तेथे मुक्कामालाच आले आहेत. मी वही उलटून पाहिली, पाने मोजली.

“एकशे अठरा पानं, अण्णा. रविवारी सहा होतात.”

दोघेही मनात हिशेब करीत होतो, आणि दोघांचाही हिशेब आठवड्यांपाशी थांबणारा नव्हता. अण्णांना मार्गशीर्षात त्र्याऐंशी पूर्ण होतील.

“मग बोलत काय बसलास?” ते म्हणाले. “वाच.”